मांद्र्याचे खलप आणि ते एक विधेयक

महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत सगळ्यात आधी कुणी मांडलं, असं गोव्यातल्या आमच्या पेडण्यात विचारून बघा. कुणी मोदींचं नाव घेईल, कुणी सोनिया गांधींचं. मांद्र्याच्या वकिलाचं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही. १२ सप्टेंबर १९९६ ला ते विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं, तेव्हा कायदा खात्याचे राज्यमंत्री होते रमाकांत खलप. मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे लोकसभेतले एकुलते एक खासदार.

मी काही खलपांची कार्यकर्ती नव्हे. आमच्या घरातली मतं मगोच्या सिंहावर पडायची ती सासऱ्यांमुळे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, मगोचे भाऊसाहेब बांदोडकर यांचं नाव निघालं की त्यांचा हात आपोआप छातीवर जायचा. खलपांचं भाषण मात्र ते मान हलवत ऐकायचे आणि घरी येऊन करवादायचे, "बोलतो झकास, पण ताट वाढून समोर आलं तरी दुसऱ्याला देतो."

हा राग १९९०चा. गोवा घटक राज्य झाल्यावरची पहिली निवडणूक १९८९ला झाली. चाळीस जागांत काँग्रेसच्या वीस, मगोच्या अठरा. पुढच्या वर्षी मार्चमध्ये काँग्रेसचे काही आमदार फुटले आणि प्रतापसिंह राण्यांचं सरकार पडलं. आता मगोचा मुख्यमंत्री होणार म्हणून आमच्याकडे लोक फटाके आणून बसले होते. झाले कोण, तर आधी चर्चिल आलेमाव, तेही काही दिवसांपुरते, आणि मग लुईस प्रोत बार्बोझा. अठरा आमदारांचे नेते खलप उपमुख्यमंत्री, आणि फुटून आलेले मूठभर वरच्या खुर्चीत! ते सरकारही डिसेंबरपर्यंत कोसळलं. जानेवारी १९९१ मध्ये रवी नाईकांनी मगोतलाच एक गट उचलला आणि काँग्रेसच्या पाठिंब्यावर ते मुख्यमंत्री झाले. सासऱ्यांनी त्या दिवशी रेडिओ बंद केला तो बरेच दिवस लावला नाही.

खलपांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७७ साली मांद्र्यातून पहिल्यांदा निवडून आलेला हा माणूस, १९८०च्या पराभवानंतर शशिकलाताई काकोडकरांसकट बरेच जण काँग्रेसमध्ये गेले तेव्हा मगोतच राहिला होता. तेव्हा पक्षाचा दिवा विझला असता तर १९८९चे अठरा आले असते कुठून? सासऱ्यांना हे पटायचं, पण ते मोठ्याने कबूल करायचे नाहीत.

१९९६ला खलप दिल्लीला गेले. आपला मतदारसंघ तेव्हा 'पणजी' म्हणून ओळखला जायचा, उत्तर गोवा हे नाव नंतरचं. त्याच निवडणुकीत मुरगांवमधून चर्चिल आलेमाव आले. राजभाषेच्या वादात एक मराठीच्या बाजूला, दुसरा कोंकणीच्या आंदोलनात रस्त्यावर. आणि गोव्याने एकाच वेळी दोघांनाही लोकसभेत पाठवलं. दोघेही प्रादेशिक पक्षांचे, काँग्रेसला एकही जागा नाही. असलं कॉम्बिनेशन फक्त गोवाच करू जाणे.

देवेगौडांची डझनभर पक्षांची मोट होती, त्यामुळे एका खासदाराच्या पक्षालाही मंत्रिपद मिळालं. कायदा खातं, आणि तेही स्वतंत्र कार्यभार. सप्टेंबरमध्ये विधेयक आलं: लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांना. ओबीसी बायकांचा वेगळा वाटा कुठे आहे म्हणून लगेच गदारोळ झाला, आणि विधेयक गीता मुखर्जींच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे गेलं. समितीने डिसेंबरमध्ये अहवाल दिलासुद्धा. पुढच्या वर्षी सभागृहात शरद यादवांनी केस कापलेल्या बायकांवरून टोमणा मारला, तो मात्र देशभर गाजला. विधेयक तिथेच अडकलं आणि लोकसभा बरखास्त झाली तेव्हा त्याच्याबरोबरच गेलं.

आमच्याकडे यातलं काय पोचलं? फारसं काही नाही. तेव्हा पेडण्यात विषय एकच, कोकण रेल्वेचा बोगदा. माती पुन्हा पुन्हा ढासळायची आणि गाडीची तारीख पुढे जायची. दिल्लीतला आपला मंत्री बोगद्यासाठी काय करतो, फेरीबोटीला कंटाळलेल्या लोकांना शिवोली-चोपडें पूल कधी मिळणार, असल्या मापाने लोक त्याला मोजायचे. कायदा खात्याच्या मंत्र्याकडून रस्ता मागायचा, हा आमचा हिशेब.

मला ते विधेयक लक्षात राहिलं त्याला कारण आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी १९९७ला, नव्या पंचायत कायद्याखाली निवडणूक झाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. घरातल्यांनी मला उभं केलं. हो, 'उभं केलं' असंच म्हणायला हवं. मी निवडून आले. दुसऱ्या दिवशीपासून दारात माणसं यायची, वीजखांबाचं, गटाराचं, घरपट्टीचं काम घेऊन, आणि मला बघून विचारायची, "वयनी, भाऊ घरा आसा?" पहिल्या बैठकीला नवरा सोबत आला होता. सचिवाने ठरावाचं रजिस्टर उघडलं, माझ्यावरून हात लांब करून त्याच्यापुढे सरकवलं, आणि पेनाचं टोपणही काढून दिलं. नवऱ्याने पेन हातात घेतलंसुद्धा. मग त्याच्या लक्षात आलं. तो इतका ओशाळला की पुढच्या बैठकीला आलाच नाही. ठराव काय होता ते विचाराल तर, स्मशानाकडच्या वाटेवर मोरी घालण्याचा. ती मोरी अजून आहे, आणि चतुर्थीच्या पावसात अजून तुंबते.

पुढच्या खेपेला वॉर्डाचं आरक्षण गेलं, तसं माझं पंचपणही गेलं. पण तोवर सचिव रजिस्टर माझ्यापुढे ठेवायला शिकला होता. दिल्लीत जे अडकलं ते पंचायतीत आधीच लागू झालं होतं, म्हणून मला हे सांगता येतंय.

खलपांचं पुढचं सगळं घसरणीचं. १९९८ला लोकसभेत पडले, आणि कुणाकडून? त्याच रवी नाईकांकडून. वर्षभरात ती जागा भाजपच्या श्रीपाद नाईकांनी घेतली, ती आजतागायत सोडलेली नाही. १९९४ला मगोशी युती करून भाजपचे पहिले चार आमदार आले होते. त्यांत श्रीपादभाऊ होते, पर्रीकर होते. ज्या पक्षाला मगोने खांद्यावर घेतलं त्यातले हे दोघेही केंद्रात मंत्री झाले, पर्रीकर तर संरक्षणमंत्री. खलप काँग्रेसमध्ये गेले, आणि २००२ला घरच्या मांद्र्यातच लक्ष्मीकांत पार्सेकरांकडून हरले. चुका त्यांच्याही होत्या, पक्ष बदलल्यावर जुनी माणसं तुटतातच. २०२४ला सत्त्याहत्तराव्या वर्षी ते काँग्रेसच्या तिकिटावर पुन्हा लोकसभेला उभे राहिले आणि लाखाहून जास्त मतांनी पडले. प्रचारातल्या कोपरा सभांत मी दोनदा जाऊन बसले. आवाज तोच, वाक्य अजून पूर्ण करतात, जे आताच्या पुढाऱ्यांना जमत नाही. १९९६च्या त्या विधेयकाचा उल्लेख मात्र मी होते तेवढा वेळ तरी कुणी केला नाही. ज्याने करायला हवा होता तो मासळी, खाणी आणि जमिनींवर बोलत होता.

तोवर कायदा झालेला होता. सप्टेंबर २०२३ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी पास झाला, राज्यसभेत विरोधात एकही मत नाही. सत्तावीस वर्षं! आणि अंमल जनगणना नि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर.

गोव्यात २०२२ला चाळीसपैकी तीन बायका निवडून आल्या, आणि तिघींचेही नवरे त्याच निवडणुकीत आमदार झाले. एक तृतीयांश म्हणजे तेरा-चौदा जागा. मांद्रे त्यात येईल का, यावर आमच्या तिठ्यावर आत्ताच पैजा लागतात, आणि पैज लावणारे फक्त कुणाची बायको उभी राहील तेवढंच मोजत असतात.