कातळावरचा तास

स्मरणिकेसाठी लिही असा निरोप आला आणि पहिलं आठवलं ते फुरसं, आपल्याकडचा तो छोटा विषारी साप. बक्षिसं, स्नेहसंमेलनं माझ्या वाट्याला फारशी आलीच नाहीत. ती इतरांनी लिहावीत.

आपली शाळा देवगडच्या कातळावर. मागे जांभ्या दगडांचा गडगा, पलीकडे नुसता सडा, कातळाचं उघडं माळरान. सातवीत, मार्चमध्ये, मधल्या सुट्टीत चेंडू गडग्याच्या फटीत गेला. मी हात घालणार तोच आतून आवाज आला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. मागून विज्ञानाचे सर ओरडले, "हात मागे घे! हळू!" वाकून पाहिलं तर हातभरही नसेल असं मातकट जनावर, डोक्यावर बाणासारखी खूण, वेटोळी एकमेकांवर घासत बसलेलं.

पोरं दगड घेऊन धावली. सरांनी सगळ्यांना दहा पावलं मागे बसवलं आणि घंटा झाली तरी तास तिथेच घेतला. हा फुत्कार नव्हे, म्हणाले; फुरशाच्या कुशीवरचे खवले करवतीसारखे खरखरीत, ते घासून हा आवाज होतो. "चावायचीच हौस असती, तर आधी कळवलं असतं का?" मग सड्यावरची टिटवी दाखवली. तिची अंडी दगडांत दगड होऊन गप्प पडलेली, आणि ती मात्र आमच्या डोक्यावर कोकलत घिरट्या घालत होती.

घरी सांगितलं तर आजीला नवल नाही. "आदी काठी आपट, मगे हात घाल," एवढंच. लाकडं काढताना ती जन्मभर तेच करत आली होती. सापाला बाहेरून कान नसले तरी जमिनीची थरथर कळते, हे कारण सरांकडून कळलं.

तरी शेजारच्या काकींना गवत कापताना फुरसं चावलंच. अर्धा दिवस मंत्रात गेला. हात कोपरापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. सापाच्या विषावरच्या लशीने वाचल्या. त्या अर्ध्या दिवसाचा राग मला अजून येतो.

आता माझ्या कलमांच्या बागेत हंगामाला नेपाळी गडी येतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाला बॅटरी, गमबूट आणि काठी देतो. यंदा एक पोरगा हसला, "सेठ, साँप के कान कहाँ?" त्याला गडग्यापाशी बसवून मी सरांचा तास घेतला.

तो चेंडू काढायला आम्ही कुणीच गेलो नाही. गडगा पाडून कंपाउंड बांधलं तेव्हा कुणाला सापडला असेल, तर कळवा.