पॉलिहाउसमधील ढब्बू : लावणीपासून दोन फांद्यांपर्यंत

पॉलिहाउसमध्ये ढब्बू मिरची घेणारा शेतकरी नऊ-दहा महिने ते पीक सांभाळतो. पण त्या पिकाचा सांगाडा लावणीनंतरच्या पहिल्या 40 ते 45 दिवसांतच ठरून जातो, असे माझे ठाम मत आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील कडोली, उचगाव, बेळगुंदी या पट्ट्यात पॉलिहाउसची उभारणी, ठिबक आणि विद्राव्य खते यांवर आपण हिशेब मांडून पैसा घालतो. रोप ट्रेमधून कसे काढायचे, बेचक्यातली कोणती फांदी राखायची आणि कोणती मोडायची, ही कामे मात्र रोजगाराला आलेल्या बायकांवर सोपवून आपण मार्केटला निघून जातो. त्या बायका कामात कमी नसतात. पण काय साधायचे आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून रोप हाताळण्याचे हे काम सविस्तर लिहीत आहे.

रोपवाटिकेतून येणारी ढब्बूची रोपे बहुधा 98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये, कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) वाढवलेली असतात आणि 30 ते 35 दिवसांत, चार ते सहा खरी पाने आल्यावर लावणीयोग्य होतात. रोप घेताना आपण उंची आणि पानांचा हिरवेपणा पाहतो. माझ्या मते त्याआधी मूळ पाहावे. कप्प्याचे बूड खालून अंगठ्याने हलके दाबले की तयार रोप कोकोपीटच्या गोळ्यासकट अलगद वर येते. गोळ्याच्या चहूबाजूंनी पांढऱ्या मुळ्यांची बारीक जाळी दिसते आणि चिमटीत धरून हलवले तरी कोकोपीट गळत नाही. मुळ्या तपकिरी होऊन तळाशी वेटोळे घालून बसल्या असतील तर रोप जून झाले आहे, आणि गोळा हातातच फुटत असेल तर ते अजून कोवळे आहे. आमच्याकडे निपाणी भागातून आलेल्या एक आक्का आहेत, तंबाखूच्या लावणीत त्यांचे हात घडले आहेत. ट्रे हातात घेतला की त्या आधी एक रोप उपसून पाहतात आणि मग सांगतात, "दादा, मूळ दिसंना झालंय ओ, अजून दोन दिवस ठेवूया." मी ते दोन दिवस नेहमी देतो. लांब, पातळ, बारीक खोडाची रोपे मी सहसा घेत नाही, कारण ती दाटीत आणि सावलीत वाढलेली असतात आणि पुढे सुतळीला बांधेपर्यंत कुठे ना कुठे वाकतात.

बेडची मापे सर्वत्र जवळपास सारखीच आहेत : 90 सेंटिमीटर रुंदी, 20 सेंटिमीटरच्या आसपास उंची आणि मध्ये 50 सेंटिमीटरचा चालण्याचा पाट. बेडवर दोन ओळी, ओळींत 45 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवून रोपे नागमोडी लावतात. वर 30 मायक्रॉनचा, चंदेरी बाजू आकाशाकडे आणि काळी बाजू मातीकडे असलेला मल्चिंग पेपर असतो. या पेपरने तण आणि ओल या दोन्हींचा प्रश्न सुटतो. मात्र लावणीच्या पहिल्या आठवड्यात हाच पेपर रोपाचा शत्रूही होऊ शकतो. दुपारी पेपरखाली कोंडलेली गरम हवा छिद्रातून वर येते आणि नेमकी कोवळ्या खोडाला लागते. छिद्र लहान असेल आणि पेपरची कड खोडाला टेकत असेल तर त्या जागी खोड भाजते, तिथे तपकिरी पट्टा उमटतो आणि चार दिवसांनी रोप आडवे होते. पुष्कळदा त्याचा दोष मर रोगाला दिला जातो. छिद्र पाच सेंटिमीटरचे पाडावे, रोप बरोबर मधोमध बसवावे आणि लावणी दुपारी चारनंतर करावी.

रोप किती खोल लावायचे, याबाबत टोमॅटोची सवय असलेले लोक ढब्बूलाही तोच नियम लावतात. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडल्यावर जागोजागी मुळ्या फुटतात, म्हणून त्याचे रोप खोल लावले तरी फायदाच होतो. ढब्बूच्या खोडाला तशा मुळ्या सहज फुटत नाहीत. उलट कॉलरभोवती, म्हणजे खोड मातीला टेकते त्या जागी, ओली माती साचली की पिथियमसारख्या बुरशीला वाट मिळते. कोकोपीटच्या गोळ्याचा वरचा पृष्ठभाग बेडच्या मातीबरोबर येईल एवढेच खोल लावावे. बाजूची माती दोन बोटांनी हलकी दाबावी, मुठीने नव्हे. गोळा आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर मूळ बाहेर पडत नाही आणि दाबून घट्ट केले तर ते तुटते.

पहिल्या आठवड्यात केवळ ठिबकवर विसंबू नये. ठिबकचे थेंब 30 सेंटिमीटर अंतरावर पडतात आणि रोपाचे मूळ अजून कप्प्याएवढ्या गोळ्यातच असते. बेड वाफशावर, म्हणजे बेताच्या ओलीवर, असला तरी गोळा स्वतः कोरडा पडू शकतो. त्यामुळे रोप जीव धरेपर्यंत रोज दुपारी पाइपने हलके पाणी देऊन छिद्राभोवतीची उष्णता उतरवणे आवश्यक असते. रोपाने नवे पान सोडले की हे पाणी थांबवावे आणि ठिबकचेही पाणी थोडे आवरते घ्यावे, म्हणजे मूळ ओलीच्या शोधात खाली आणि बाजूला जाते. नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, आठ-दहा दिवसांच्या आत भरावेत. त्यानंतर लावलेले रोप शेजाऱ्यांच्या सावलीत अडकते आणि कायमचे मागे राहते. खताविषयी एवढेच सांगतो की, पहिले तीन आठवडे ठिबकमधून सोडण्याच्या खताची घाई करू नये.

आता मुख्य काम. ढब्बूचे झाड सुरुवातीला एकाच खोडाने वाढते, आठ-दहा पानांनंतर शेंड्याला दोन फांद्या फुटतात आणि त्या पहिल्या बेचक्यात पहिले फूल येते. हे फूल काढावे लागते. नव्या शेतकऱ्याला ते जिवावर येते, आणि ते मी समजू शकतो, कारण महिनाभर राबल्यावर दिसलेले ते पहिलेच फूल असते. पण ते ठेवले तर त्याचे फळ बेचक्यात अडकून वेडेवाकडे वाढते आणि झाडाने तयार केलेले अन्न स्वतःकडे ओढून घेते. मूळ आणि शेंडा दोन्ही तिथेच थबकतात. एका फळासाठी झाडाची पंधरा दिवसांची वाढ देणे कोणत्याही भावात परवडत नाही. कळी मोहरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी झाली की ती नखाने सहज निघते. झाड अशक्त वाटले तर दुसऱ्या बेचक्यांतल्या कळ्याही मी काढतो. पहिल्या बेचक्याखाली खोडाला जे बगलफुटवे येतात तेही याच फेरीत, बोटभर होण्याआधी काढून टाकावेत.

यानंतर दोन फांद्या राखायच्या की चार, हा प्रश्न येतो. पहिल्या दोन फांद्या पुन्हा प्रत्येकी दोन ठिकाणी फुटतात, त्यामुळे चार फांद्यांचे झाड आपोआपच तयार होते. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनात चार फांद्यांची पद्धत दिली आहे आणि ती अनेक ठिकाणी यशस्वी झाली आहे. तरीही आपल्या पश्चिम पट्ट्यासाठी मी दोन फांद्यांचाच आग्रह धरतो, आणि त्याचे कारण प्रकाश हे आहे. वर दिलेल्या अंतराने पाटासह हिशेब केला तर एका चौरस मीटरवर साधारण पावणेपाच झाडे बसतात. दोन फांद्या राखल्या तर चौरस मीटरला साडेनऊ फांद्या होतात, चार राखल्या तर एकोणीस. नेदरलंड्समधील काचगृहांत हा आकडा साधारण सहा ते सात ठेवतात. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर आभाळ दिवसच्या दिवस उघडत नाही, पॉलिहाउसच्या प्लास्टिक कागदावर शेवाळ आणि धूळ बसते, आणि अशा उजेडात एकोणीस फांद्या म्हणजे आतल्या पानांना अंधार, फुलगळ आणि कोंदट हवेत वाढणारा भुरी हा बुरशीरोग. अथणी, रायबाग, गोकाक या पूर्वेकडच्या कोरड्या आणि उन्हाच्या भागात चार फांद्या शोभतील. तिथल्या शेतकऱ्याने माझे ऐकावे असे मी म्हणणार नाही. दोन फांद्यांत फळांची संख्या कमी राहते, हे खरे आहे. पण फळ मोठे, भरीव आणि एकसारखे येते, आणि चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या लाल-पिवळ्या मालाला एकसारखेपणाचाच भाव मिळतो. लावण ऑगस्टच्या उत्तरार्धात केली तर रंगीत फळ 80 ते 90 दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून हाती येते आणि नाताळची मागणी साधते.

छाटणी लावणीनंतर साधारण 30 दिवसांनी सुरू करून दर आठ-दहा दिवसांनी करावी. प्रत्येक पेऱ्यावर शेंडा दुभंगतो आणि त्या दोन कोंबांपैकी एक जाड, सरळ वर जाणारा, तर दुसरा बारीक असतो. जाड कोंब राखावा. बारीक कोंब मात्र मुळापासून काढू नये, तो पहिल्या पानाच्या पुढे खुडावा. ते एक पान फळाला सावली देते आणि अन्नही पुरवते. फळ उघडे पडले की मार्च-एप्रिलच्या उन्हात त्यावर पांढरट, कागदासारखे चट्टे पडतात. तंबाखूचा शेंडा खुडून नंतर येणारे फुटवे काढत राहण्याची सवय निपाणी परिसरातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि त्यांचे बोट या कामात कात्रीपेक्षा नेमके चालते. तंबाखूत मात्र पानासाठी शेंडा जातो आणि इथे शेंडा जिवापाड जपायचा असतो, एवढा फरक त्यांना सुरुवातीलाच समजावून द्यावा.

सुतळी बांधण्याचे काम छाटणीच्या पहिल्या फेरीबरोबरच करावे. प्रत्येक फांदीला स्वतंत्र सुतळी हवी. तिचे खालचे टोक पहिल्या बेचक्याच्या खाली सैल फासाने बांधावे, फासात करंगळी सहज फिरली पाहिजे, कारण तेच खोड पुढे दुप्पट जाड होणार असते. वरचे टोक वरच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेला बांधावे आणि दोन फांद्यांच्या सुतळ्या तारेवर एकमेकींपासून लांब ठेवाव्यात, म्हणजे झाड इंग्रजी व्हीसारखे उघडते आणि मधोमध ऊन उतरते. फांदी सुतळीभोवती एकाच दिशेने गुंडाळावी, निदान पूर्ण पॉलिहाउसमध्ये दिशा एकच असावी. नाहीतर एका बाईने गुंडाळलेले दुसरीच्या हाताने उलगडते. हे काम सकाळी करू नये. सकाळी फांद्या पाण्याने ताठ असतात आणि पेऱ्यावर काकडीसारख्या कट्‌कन मोडतात. दुपारनंतर त्या थोड्या शिथिल होतात आणि वळवल्या तर ऐकतात. शेवटची वीतभर कोवळी फांदी मोकळीच सोडावी.

एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगायला हवी. तंबाखूचा मोझॅक विषाणू मिरचीलाही लागतो, तो सुकवलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि हाताने, नखाने, कात्रीने एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. तंबाखू मळून तोच हात छाटणीला लावणारा माणूस दिवसभरात शेकडो ताज्या जखमांना स्पर्श करतो. अनेक संकरित जातींत या विषाणूंना प्रतिकारशक्ती असते; पण ती सर्व प्रकारांना पुरतेच असे नाही. म्हणून पॉलिहाउसच्या दारात साबण आणि पाणी ठेवावे, तंबाखू बाहेरच ठेवायला सांगावे आणि छाटणी करताना मधूनमधून साय काढलेल्या दुधाच्या पावडरीच्या पाण्यात हात बुडवायला लावावेत. दुधातील प्रथिनांमुळे विषाणूचा प्रसार रोखला जातो, हे जगभर वापरात असलेले तंत्र आहे. कात्री वापरत असाल तर ती 10 टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात बुडवून घ्यावी. मोझॅकची शंका असलेली झाडे सर्वांत शेवटी हाताळावीत, नाहीतर पिशवीत घालून बाहेर काढावीत. हे सांगताना वडीलधाऱ्या माणसांना अवघड वाटते, हे मला ठाऊक आहे. "मामा, हात धुऊन या," असे नम्रपणे पण रोज म्हणावेच लागते.

छाटणीची प्रत्येक फेरी ही किडींची पाहणीही असते, कारण इतक्या जवळून प्रत्येक शेंडा आपण एरवी पाहत नाही. पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली असतील तर फुलकिडे समजावेत. पाने खाली वळून शेंडा चिवट आणि बारीक झाला असेल तर कोळी ही कीड. दोघांची औषधे वेगळी असल्यामुळे हा फरक छाटणाऱ्या प्रत्येकाला ओळखता आला पाहिजे. आमच्याकडे असा शेंडा दिसला की त्या झाडाच्या सुतळीला लाल चिंधी बांधण्याची पद्धत ठेवली आहे. संध्याकाळी मी चिंध्या पाहत फिरतो आणि फवारणी संपूर्ण पॉलिहाउसला करायची की चार बेडांनाच, हे तेव्हा ठरवतो.

तिसरी छाटणी झाली की दोन फांद्यांचे रूप पक्के होते आणि तिसऱ्या-चौथ्या बेचक्यातली फळे राखायला सुरुवात करता येते. पहिल्या तोड्यानंतर सर्वांत खालची, जमिनीकडे झुकलेली, पिवळी पडलेली पाने काढून बेडच्या तोंडाशी हवा खेळती ठेवावी; पण फळाच्या वरची पाने तोडा संपेपर्यंत कोणालाही काढू देऊ नयेत.