टूलचं कोटिंग ठरवताना

भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये टूलची खरेदी माझ्याकडे आली तेव्हा सोनेरी, जांभळट काळी, राखाडी अशा वेगवेगळ्या कोटिंगची सगळी एंडमिल, म्हणजे मिलिंगमध्ये धातू कापणारी टूल, एकाच ट्रेमध्ये पडलेली असायची. हाताला येईल ते कोलेटमध्ये, म्हणजे टूल धरणाऱ्या पकडीत. विक्रेत्यांचं उत्तर ठरलेलं: "साहेब, हे लेटेस्ट आहे, सगळ्यावर चालतं." सगळ्यावर चालणारं कोटिंग मला अजून भेटायचंय.

मी आधी जॉबचं मटेरियल बघितलं. निम्मं काम अ‍ॅल्युमिनियम 6061 चं, बाकी ईएन 24 हे मिश्र पोलाद. कॅटलॉग कडकपणाचे आकडे पुढे करतात, पण खरा प्रश्न धार किती तापणार हा. टायटॅनियम कार्बोनायट्राइड हे कोटिंग सुमारे 3000 विकर्स (कडकपणाचं एकक), म्हणजे सोनेरी टायटॅनियम नायट्राइडपेक्षा कडक. तरी साधारण 400 अंशांच्या पुढे ते टिकत नाही. म्हणून ते आटे पाडणाऱ्या टॅपला दिलं. तिथे वेग कमी, घासणं जास्त.

ईएन 24 साठी कार्बाइड (टंगस्टन कार्बाइड, टूलचं फार कडक मटेरियल) एंडमिलवर टायटॅनियम अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड घेतलं. तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर तयार होतो आणि तोच खालच्या कोटिंगला वाचवतो. म्हणजे हे कोटिंग भित्र्या वेगाने चालवलं तर जास्तीचे पैसे वाया. वेग वाढवला, कुलंट (टूल थंड ठेवणारं द्रव) बंद करून हवेचा झोत लावला. त्यावर ऑपरेटरांशी बरीच हुज्जत झाली. मिलिंगमध्ये दात कापात शिरतो-निघतो; तापलेल्या धारेवर कुलंट पडलं की बारीक चिरा पडतात, हे पटायला वेळ लागला. चिप (कापून निघणारा धातूचा कीस) निळी होऊन उडायला लागली आणि जॉब मात्र हाताला कोमट, तेव्हा आवाज बंद झाले.

तेच एंडमिल अ‍ॅल्युमिनियमवर लावलं की भिंगाखाली धारेवर चिकटलेला चकचकीत पापुद्रा दिसतो. कोटिंगमध्येच अ‍ॅल्युमिनियम, मग चिप चिकटणारच. तिथे पॉलिश केलेलं, बिनकोटिंगचं कार्बाइड आणि भरपूर कुलंट. मोठी ऑर्डर असेल तरच डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचं कोटिंग. किंमत बघून छातीत धडधडतं.

एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलला मात्र पीव्हीडीच, म्हणजे कमी तापमानात वाफेतून बसवलेलं कोटिंग. सीव्हीडीची, म्हणजे वायूंच्या रासायनिक क्रियेतून कोटिंग बसवण्याची, भट्टी 1000 अंशांच्या आसपास जाते, त्यात एचएसएसचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. धार लावल्यावर टोकावरचं कोटिंग जातं, पण फ्लूटमधलं (चिप बाहेर काढणाऱ्या खाचेतलं) राहतं, त्यामुळे छोटी ड्रिल आम्ही तशीच वापरतो. मोठी साठवून एकदम कोटिंगला पाठवतो, कारण तिकडे किमान लॉटचे पैसे लागतातच.