जिंकलेले अठराशे रुपये

आज हाफ डे टाकून भाच्याबरोबर बँकेत गेलो. पोराचं खातं गोठलंय. पगार जमा झालेला दिसतोय, पण साधा चहासुद्धा स्कॅन करून घेता येईना.

बाकड्यावर बसल्या बसल्या त्याचं यूपीआय उघडायला लावलं. आयपीएलभर ५००, ३००, परत ५००. बहुतेक सगळे संध्याकाळी साडेसातनंतरचे. घेणाऱ्याचं नाव दर वेळी वेगळं: कुठलं तरी ट्रेडर्स, मोबाइल शॉपी, आणि एक चक्क पीठगिरणी! "मामा, ते सट्ट्याच्या ॲपवाले दर वेळी नवा क्यूआर देतात." म्हणजे भाड्याने घेतलेली खाती.

गंमत बघा, हरला तोवर काही झालं नाही. एकदाच बरे १८०० जिंकला, आणि ते ज्या खात्यातून आले त्यावर परराज्यात सायबर फसवणुकीची तक्रार. साखळी धरत धरत पोलिसांचं पत्र या शाखेपर्यंत आलं. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, तिकडून ना-हरकत आणा.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बँकांनी असे व्यवहार होऊ देऊ नयेत, हेही त्यात आहे. पण पीठगिरणीला गेलेले ५०० बँकेला दळणाचेच वाटणार ना!

ताईला अजून सांगितलेलं नाही. बाहेर आल्यावर पठ्ठ्या खाली मान घालून म्हणतो, "मामा, रिक्षाचे तूच दे."