तुम्ही विचारलेत म्हणून : बँकॉकची सहल आणि खरेदीची यादी

"पाच दिवसांत बँकॉक पाहूनही होते आणि खरेदीही होते, हे तुम्हाला जमते कसे?" हा प्रश्न मला ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात, राम मारुती रस्त्यावर अचानक भेटलेल्या ओळखीच्यांकडून आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तर जवळजवळ रोजच विचारला जातो. आतापर्यंत तीन वेळा मी त्या शहरात जाऊन आले असून नात्यातल्या आणि शेजारच्या अनेकांच्या सहली कागदावर आखून दिल्या आहेत. जिन्यात उभ्या उभ्या याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

माझे उत्तर असे आहे की खरेदीला एक संपूर्ण दिवस द्यावा, तो वार विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ठरवावा आणि उरलेल्या दिवशी हातात पिशवी धरू नये. हे शहाणपण मला पहिल्या सहलीतल्या चुकीमुळे आले. त्या वेळी आम्ही सोमवारी उतरलो आणि शुक्रवारी निघालो. चतुचकचा मोठा बाजार शनिवार-रविवारी भरतो, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळले. मग रोज थोडी थोडी खरेदी सुरू झाली. एके दिवशी सकाळी प्रतूनामच्या बाजूला कपडे घेतले आणि त्याच चार पिशव्या घेऊन भर दुपारी तिथल्या राजांच्या जुन्या राजवाड्यात (ग्रँड पॅलेस) गेलो. सासूबाई सोबत होत्या. त्यांचे पाय सुजले, पिशव्या कोणी धरायच्या यावर कुरबूर झाली आणि वाड्याच्या आवारातल्या मंदिरात बुद्धमूर्तीचे दर्शन घेऊन आम्ही बाहेर पडलो. ज्या ओवऱ्यांतली चित्रे पाहायची म्हणून सासूबाई मुळात आल्या होत्या, त्या ओवऱ्यांकडे आम्ही वळलोच नाही. ही रुखरुख मला दोन वर्षे पुरली.

दुसऱ्या वेळी मी वार आधी मांडले. गुरुवारी रात्री मुंबईहून निघायचे आणि साडेचार तासांच्या आसपासचा प्रवास करून शुक्रवारी पहाटे उतरायचे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते, त्यामुळे रात्रीची झोप जेमतेम होते. शुक्रवार विश्रांतीला आणि संध्याकाळी चाओ फ्राया नदीवरच्या बोटीला ठेवावा. शनिवार राजवाड्याला, रविवार खरेदीला, सोमवार अयुथया या जुन्या राजधानीला आणि मंगळवार परतीला. वयस्कर माणूस सोबत असेल तर मी हा क्रम बदलू देत नाही.

राजवाड्याला साडेआठला दार उघडताच पोहोचावे. १७८२ साली राजधानी येथे आली तेव्हा या वाड्याची उभारणी सुरू झाली. तिकीट माणशी ५०० बात (थायलंडचे चलन) आहे, म्हणजे तेवढे पैसे देऊन अर्ध्या तासात बाहेर येणे हा स्वतःवरच अन्याय आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. आपल्या पंजाबी पोशाखाला काही अडचण येत नाही. आतली पाचूचा बुद्ध म्हणून ओळखली जाणारी मूर्ती एका हिरव्या दगडातून कोरलेली असून उंचीने सुमारे ६६ सेंटिमीटर, म्हणजे देव्हाऱ्यातल्या मूर्तीपेक्षा फार मोठी नाही. तिची वस्त्रे ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा बदलतात आणि तो मान राजाचा असतो. सासूबाईंना हे ऐकून फार बरे वाटले.

त्यानंतर आम्ही ओवऱ्यांत गेलो. मंदिराभोवतीच्या भिंतींवर १७८ चित्रांमध्ये रामकियेन, म्हणजे थायलंडचे रामायण रंगवलेले आहे. उत्तरेच्या दरवाजापासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या दिशेने चालत गेले की कथा क्रमाने पुढे सरकते. सासूबाई पहिल्याच वळणावर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, हा मारुती पांढरा कसा?" तिथला हनुमान पांढराच असतो. मग तो जिथे जिथे दिसेल तिथे त्या बोट भिंतीला न लावता हवेतच टेकवत गेल्या. एका चित्रात त्याने प्रचंड रूप धारण करून रामाचा तळ आपल्या मुखात सुरक्षित ठेवला आहे. त्या चित्रापुढे त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की मागून आलेले दोन गट आम्हाला ओलांडून गेले. सोन्याचा वर्ख आडव्या उन्हात लखलखत होता आणि त्यांच्या चष्म्याच्या काचेत तो बारीक ठिपक्यांसारखा दिसत होता. दीड तास गेला. हातात पाण्याची बाटली सोडून काहीही नव्हते.

त्याच दिवशी जवळचे वाट फो हे मंदिर पाहून होते (थाई भाषेत वाट म्हणजे मंदिर). तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे आणि त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हे कोरलेली आहेत. भिंतीलगत १०८ धातूची पात्रे मांडलेली असतात आणि प्रत्येकात एकेक नाणे टाकत पुढे जायचे असते. पलीकडच्या काठावर वाट अरुण आहे. सूर्याचा सारथी अरुण, त्याचेच हे नाव. ता तियनच्या धक्क्यावरून छोटी होडी तिथे नेते.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला बजावून सांगते. राजवाड्याबाहेर कोणी गोड बोलून "आज वाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर दुसरे मंदिर दाखवतो" असे म्हणाला, तर थांबू नये. पहिल्या सहलीत आम्ही अशाच एका रिक्षावाल्याचे ऐकले आणि एका रत्नांच्या दुकानात पाऊण तास अडकलो. वाडा उघडाच होता. बंद आहे की नाही, ते दारावर जाऊनच पाहावे.

आता खरेदीविषयी. यादी ठाण्यात बसून करावी, तीही माणसांच्या नावांनी. कोणासाठी, काय आणि कोणत्या मापाचे, असे तीन रकाने मी आखते. जी वस्तू गोखले रस्त्यावर किंवा जांभळी नाक्यावर मिळते ती यादीतून खोडते, कारण किलोकिलोने वजन मोजून विमानात चढवायचे असते. चतुचकला रविवारी नऊच्या सुमारास पोहोचावे. उन्नत रेल्वेच्या मो चित स्थानकावर उतरून गर्दीच्या मागे चालत गेले की बाजार येतो. २७ विभाग आणि हजारो गाळे आहेत. "परत येताना घेऊ" असे म्हणून सोडलेला गाळा पुन्हा सापडत नाही, म्हणून आवडलेल्या गाळ्याचा विभाग आणि गल्लीचा क्रमांक लगेच वहीत लिहावा. चुकामूक झाली तर मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटायचे, हे आधीच ठरवावे. भाव करताना आवाज चढवू नये. हसून विचारले तर कमी करतात, आणि नाही केला तर तो त्यांचा अखेरचा भाव असतो. ऊन सोसत नसेल त्यांनी प्रतूनामच्या प्लॅटिनम मॉलमध्ये जावे. तिथे अनेक दुकानांत तीन नग घेतले की घाऊक भाव लागतो, म्हणून भाचींच्या कपड्यांची खरेदी मी तिथेच करते.

माझ्या मते तिथून आणावे असे काही असेल तर ते हातमागाचे रेशीम. उभ्या आणि आडव्या धाग्याचे रंग वेगळे असल्याने ते आपल्या धूपछाव साडीसारखे हलवल्यावर रंग बदलते, आणि सूत कुठे जाड कुठे बारीक असल्याने बोटांना त्याची गाठ जाणवते. अगदी गुळगुळीत लागले तर मी पुन्हा विचारते. सासूबाईंनी पैठणीवरच्या ब्लाउजसाठी जांभळ्या रंगाचे दोन वार घेतले. बुद्धमूर्ती मात्र सहज म्हणून विकत घेऊ नये. ती देशाबाहेर नेण्यासाठी तिथल्या ललितकला विभागाची परवानगी लागते, आणि शोभेची वस्तू म्हणून तिची विक्री होते याचे तिथल्या लोकांना मनापासून दुःख होते.

परदेशी प्रवाशांना खरेदीवरचा कर परत मिळण्याची सोय मोठ्या दुकानांत असते, बाजारातल्या गाळ्यांवर नसते. एका दुकानात एका दिवशी किमान २,००० बातची खरेदी झाली पाहिजे आणि पासपोर्ट दाखवून अर्ज तिथेच भरून घेतला पाहिजे. विमानतळावर सामान देण्यापूर्वी वस्तू आणि अर्ज सीमाशुल्काच्या खिडकीवर दाखवून शिक्का घ्यावा. बॅग आधी दिली तर दाखवायला काही उरत नाही. कर ७ टक्के असला तरी सेवाशुल्क वजा होऊन त्यापेक्षा कमीच हाती येते. इथे उतरल्यावर आपला सीमाशुल्कही असतो. २०१६ च्या नियमांत ५०,००० रुपयांपर्यंत सूट होती. निघण्याच्या आठवड्यात चालू मर्यादा स्वतः तपासावी आणि पावत्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

अयुथया ८० किलोमीटरवर आहे. १३५० ते १७६७ पर्यंत ती राजधानी होती आणि तिचे नाव आपल्या अयोध्येवरून आले आहे. झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धाचे मस्तक तिथल्या वाट महाथातमध्ये आहे. पाय दुखत असले तरी हा दिवस गाळू नये.

एप्रिल-मेच्या सुट्टीत जाऊ नका, कारण उन्हाने माणसे हैराण होतात आणि एप्रिलच्या मध्यावर थाई नववर्षाच्या सणात पुष्कळ दुकाने बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचा डिजिटल अर्ज भरावा लागतो. तो विनामूल्य आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. पासपोर्ट मात्र आजच कपाटातून काढा. प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक नसतील, तर आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या आणि मग मला यादी दाखवायला या.