पगानिनी, प्रयत्न पाचवा

मागच्या अपडेटला दोन महिने झाले, कारण मधला सगळा वेळ खोडण्यात गेला आणि रबराच्या चुऱ्याचे फोटो कोण बघणार. अजून अँग्र या फ्रेंच चित्रकाराने काढलेल्या पगानिनीची (तो गाजलेला इटालियन व्हायोलिनवादक) कॉपी करण्यातच अडकलेय. (अँग्रच म्हणायचं, शेवटचा एस गिळायचा, मी वर्षभर इन्ग्रेस म्हणत हिंडत होते.) १८१९ चं पेन्सिल ड्रॉइंग, लूव्रमध्ये आहे, साधारण ए-फोरएवढं, काखेत व्हायोलिन धरून उभा पगानिनी.

आधी माझा गाढवपणा. दुकानात चक्क 'अँग्र पेपर' नावाचा कागद दिसला, म्हटलं सापडला, आणि महागाचा पॅड उचलून आणला. घरी टूएच (कडक शिशाची पेन्सिल) चालवली तर रेघ उड्या मारत जाते, कारण त्या कागदाला बारीक रेघारेघांचा पोत असतो, कोळशाला नि पेस्टलला भारी, पण या पोर्ट्रेटांसाठी काही उपयोगाचा नाही. अँग्र स्वतः गुळगुळीत पांढऱ्या कागदावर काढायचा, आणि तो कागदही आत पुठ्ठा, त्यावर कागदांचे थर, वर ताणून बसवलेला असा, म्हणजे पेन्सिलीखाली किंचित गादी. मी आता हॉट प्रेस (गुळगुळीत दाबलेला कागद) वापरते आणि खाली चार-पाच कोरे कागद ठेवते, फरक पहिल्या रेघेलाच कळला.

पेन्सिली टूएच आणि फोरएच, ब्लेडने लांब शिसं काढून पॉलिश पेपरवर घासलेल्या. टोक दर दोन-तीन मिनिटांनी घासायचंच, कंटाळा केला की संपलं, कारण माझ्या कॉपीत एक डोळा तांदळाच्या दाण्याएवढा आहे आणि त्यात पापणीची जाडी, बुबुळ, चमक सगळं बसवायचंय.

खरी गंमत कोटात आहे. पहिल्या तीन प्रयत्नांत मी कोट छान शेड केला आणि तिन्ही वेळा चेहरा मेला. मग झूम करून बघत बसले तेव्हा लक्षात आलं की बारीक हॅचिंग (जवळजवळ ओढलेल्या रेघांची छटा), हळूहळू चढणारा टोन, ही सगळी मेहनत तोंडावर, आणि खाली कोट बराचसा नुसत्या रेघांवर सोडलाय. पण ती रेघ कशी, तर सावलीच्या बाजूला दाबून काळी, उजेडाकडे येता येता जवळजवळ गायब, त्यामुळे शेड न करताही बाही गोल दिसते. चौथ्यांदा कोट सोडून दिला तर चेहरा जागा झाला, फक्त नाक वाकडं आलं, म्हणून पाचवा.

ब्रिटिश चित्रकार हॉकनीचं म्हणणं असं, की अँग्र कॅमेरा ल्युसिडा, म्हणजे समोरचं दृश्य कागदावर दाखवणारं प्रिझमचं उपकरण, वापरत असणार (त्या उपकरणाचं पेटंट १८०६ चं, आणि त्याच वर्षी साहेब शिष्यवृत्तीवर रोमला पोचले). वापरला असेल नसेल, मला त्यात फार रस नाही. प्रिझममधून आउटलाइन मिळेल हो, पण दाब कुठे किती द्यायचा ते हातालाच कळायला हवं ना.

आणि मजा बघा, ही पोर्ट्रेटं त्याला नकोशी होती. १८१५ ला नेपोलियन पडला, रोममधले ऑर्डर देणारे फ्रेंच लोक गेले, मग पोटासाठी टुरिस्टांची, त्यातही इंग्रजांची, चित्रं काढत बसला. छोटी पोर्ट्रेटं काढणारा इथेच राहतो का असं दारात कोणी विचारलं की म्हणे चिडून सांगायचा, नाही, इथे चित्रकार राहतो! आणि आपण त्याच छोट्या पोर्ट्रेटांपायी डोळे फोडून घेतोय.

तो स्वतः व्हायोलिन वाजवायचा, तरुणपणी तुलूझच्या ऑर्केस्ट्रात होता, आणि फ्रेंचमध्ये छंदाला अजूनही 'अँग्रचं व्हायोलिन' म्हणतात. हे कळल्यावर पगानिनीच का निवडला असं घरचे विचारायचे बंद झाले.

सध्याची स्थिती: केस आणि डोळे झाले, नाक यावेळी सरळ आहे (आरशात उलटं धरून तपासलं), गळ्याचा रुमाल अर्धा. बोटांना अजून हात लावलेला नाही, भीती वाटतेय. पुढच्या रविवारी बसणार, तोवर कोणी फोरएचने पापणीखालची सावली डाग न पडता कशी चढवायची ते सांगेल का, माझी दर वेळी चट्टा होऊन बसते.