मुंगसाने फाडलेली काबरी आणि दवाखान्याचे तीन हेलपाटे

या गोष्टीला बराच काळ लोटलाय पण माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेच.

२०२२ चा सप्टेंबर. गणपती जाऊन दोनच दिवस झालेले. दुपारी पावसाने जरा उसंत घेतली म्हणून कोंबड्या परसात सोडल्या, मी मागच्या दारी भांडी घासत होते आणि कोंबड्याने एकच कालवा केला. धावत गेले तर मुंगूस माझ्या काबरी कोंबडीला पाठीवर धरून कुंपणाकडे ओढत होतं. हातातला टोप फेकून मारला तेव्हा सोडलं. मुंगूस दिवसाढवळ्याच येतं, त्यामुळे रात्री खुराड्याला कडी घातली की झालं असं समजू नका.

पंखाखाली तळहाताएवढी कातडी फाटून लोंबत होती. मिठाच्या कोमट पाण्याने धुतली, बीटाडीन लावलं. सासूबाई म्हणाल्या हळद दाब, पण मी नाही दाबली, कारण हळदीचा थर बसला की खाली जखमेत काय चाललंय ते दिसतच नाही. मग तिला पडवीत डालग्याखाली वेगळी ठेवली. वेगळी ठेवायचीच, रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात आणि मुंगसाने सोडलेली कोंबडी घरच्याच कोंबड्या मारतात.

आता दवाखान्याचं. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात डोंगराच्या उताराला, गुरांचा दवाखाना आठ किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी सकाळी काबरीला टोपलीत घालून वर फडकं बांधून रिक्षाने गेले तर दाराला कुलूप. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, डॉक्टर लम्पीच्या लसीकरणाला गेलेत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या वर्षी राज्यभर गुरांमध्ये लम्पी पसरला होता, शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचत डॉक्टर वाडीवाडीने फिरत होते, ते काम मोठंच होतं. पण दारावर एक कागद चिकटवायला काय झालं होतं? भर पावसात जखमी जनावर घेऊन येणाऱ्याला निदान कधी यायचं एवढं तरी कळलं असतं.

तिसऱ्या दिवशी परत गेले. दार उघडं, आत एक कर्मचारी. टोपलीत डोकावून म्हणाला, "कोंबडीचा केसपेपर निघत नाही, गुरांचाच निघतो. कापून खा ना ताई, कशाला रिक्षाला पैसे घालवता." मी म्हटलं डॉक्टर येईपर्यंत बसते. अडीच तास बाकावर बसले, छपराची पागोळी पायावर पडत होती, काबरी टोपलीत मान टाकून बसलेली, आणि मग सांगितलं की आज डॉक्टर येणारच नाहीत. हे पहिल्या मिनिटाला सांगता आलं असतं! मी तिथे एक शब्द बोलले नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी सकाळी डालगं उचललं तर वास आला. जखमेत किडे पडलेले. पावसाळ्यात माशी उघड्या जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आधीच्या दिवशी त्या बाकावर बसण्यापेक्षा घरी पिसं बाजूला करून नीट पाहिलं असतं तर तेव्हाच दिसलं असतं. तशीच घेऊन तिसऱ्यांदा गेले, आणि त्या दिवशी डॉक्टर मॅडम होत्या. जखम बघून पहिला प्रश्न, "इतक्या उशिरा का आणलीत?"

"मॅडम, दोनदा आणली होती."

त्यांनी त्या कर्मचाऱ्याकडे बघितलं आणि स्वतः केसपेपर काढला. पाच मिनिटं लागली. कोंबडीचा केसपेपर निघतो, कुणी नाही म्हणालं तरी हटू नका, डॉक्टरांनाच विचारते म्हणायचं.

मॅडमनी मेलेली कातडी कापली, टर्पेंटाइनमध्ये जेमतेम भिजवलेला कापूस जखमेच्या कडेला धरला, तशा अळ्या वर यायला लागल्या, मग चिमट्याने एकेक काढली. मी काबरीचे पाय धरून बसले होते, एकतीस मोजल्या. घरी कुणी टर्पेंटाइन ओतू मात्र नका, कातडी भाजते. टाके घातले नाहीत, जुनी घाण जखम शिवली की आत पू धरतो, ती उघडीच भरू द्यायची. माशी बसू नये म्हणून स्प्रे दिला आणि पाच दिवस तोंडातून औषध. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या कोंबडीचं अंडं खायचं नाही, हे विचारून घ्या, आपणहून कुणी सांगत नाही.

काबरीच्या नादात खुराड्याकडे दुर्लक्ष झालं. खालचा भाताचा तूस भिजून गोळा झाला होता, आत वाकलं की डोळे चुरचुरायचे, आणि दोन तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, रक्ती हगवण लागली. अ‍ॅम्प्रोलियमची पावडर पाण्यातून दिली, पण दोन दिवस फरक नाही. मग लक्षात आलं, कोंबड्या अंगणातल्या डबक्याचं पाणी पितायत, औषधाच्या भांड्याला चोच लावत नाहीत. सगळ्यांना आत कोंडलं तेव्हा औषध पोटात गेलं. तूस रोज खालीवर करायचा, भिजलेला काढून टाकायचा. आणि ताडपत्री चारी बाजूंनी गच्च बांधू नका, पावसाच्या तोंडची बाजू झाका, वरून वारा खेळू दे.

हो, एक राहिलं, डॉक्टरांचा मोबाईल नंबर मिरगाच्या आधीच घेऊन ठेवा. मी आता मे महिन्यात कोंबड्यांच्या मानमोडी रोगाच्या (राणीखेत) लसीला जाते तेव्हाच विचारते, पावसात कुठल्या वारी असता.

काबरीची जखम भरायला पाच आठवडे लागले. दिवाळीनंतर पिसं आली, ती पांढरी आली. पुढच्या वर्षी रवणीला बसली, अकरा अंड्यांतून नऊ पिल्लं काढली. तो केसपेपर मी कपाटात रेशनकार्डाबरोबर ठेवलाय.